विजेवरची लाकडी कापूरदाणी : लाकूड कोणते घ्यावे आणि वीज कशी द्यावी?

कुडाळचा_कातारी (मूळ लेख)

आमच्या घरी वडिलांपासून लाकूड कातण्याचे काम चालत आले आहे. लाटणी, पाळण्याचे खांब, देव्हाऱ्याचे कळस ही आमची रोजची कामे. गेल्या गणपतीच्या आधी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने विजेवर चालणारी, कापूर न जाळता नुसता तापवून दरवळवणारी लाकडी कापूरदाणी करून मागितली, कारण त्यांच्याकडच्या प्लास्टिकच्या कापूरदाणीला तापल्यावर कापरापेक्षा प्लास्टिकचाच वास अधिक येत असे. मी जुन्या तुळईतले सागवान घेतले, कातून त्याला घंटेसारखा आकार दिला, वरच्या बाजूस गोल खाच पाडली आणि बाजारात मिळणारी २३० व्होल्ट, १५ वॅटची चिनी मातीची तापपट्टी त्या खाचेत घट्ट बसवली. घट्ट बसली म्हणजे काम नेटके झाले, असे त्या वेळी मला वाटले होते.

दिवाळीपर्यंत ती उत्तम चालली. डिसेंबरात त्यांनी ती परत आणून दाखवली तेव्हा वरच्या काठापासून बुडापर्यंत उभी चीर गेली होती. चीर मला अपेक्षित नसली तरी समजण्यासारखी होती. पण तापपट्टी काढल्यावर खाचेच्या तळाशी लाकूड कोळशासारखे काळे पडलेले दिसले आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या घरात ती कापूरदाणी रात्रभर चालू असे आणि शेजारच्या खोलीत दोन लहान मुले झोपत. पैसे परत करून ती मी ठेवून घेतली आहे, आणि नीट समजून घेतल्याखेरीज दुसरी करायची नाही असे ठरवले आहे.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. तापपट्टीला थेट घरातली वीज द्यावी की अॅडॉप्टर लावून १२ व्होल्टवर चालवावी? सागवान सोडून दुसरे कोणते लाकूड या कामाला अधिक योग्य ठरेल? आणि बाहेरून कोणते पॉलिश द्यावे, जे तापल्यावर चिकट होणार नाही आणि वासही सोडणार नाही? इथे विजेचे आणि लाकडाचे जाणकार दोन्ही आहेत, म्हणून विचारतो आहे.

ओहमचा_नियम

आपण ती परत घेतलीत आणि आतला काळा डाग मोकळेपणाने सांगितलात, याबद्दल मनापासून आभार. विद्यार्थ्यांना विजेची उपकरणे शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि नेमका हाच दोष मी अनेकदा पाहिला आहे.

पहिल्यांदा तो काळा डाग समजून घेऊ. लाकूड पेट घेते ते साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, हे आपण पुस्तकात वाचतो आणि आपली तापपट्टी तेवढी तापतच नाही म्हणून निश्चिंत राहतो. परंतु हा आकडा थोड्या वेळासाठी तापवलेल्या लाकडाचा आहे. तेच लाकूड १०० अंशांच्या वर महिनोन् महिने ठेवले, तर त्यातला ओलावा आधी जातो, मग त्याचे घटक हळूहळू विघटित होऊन ते काळे पडत जाते, आणि असे काळे पडलेले लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला धुमसू लागते. म्हणून तापपट्टी आणि लाकूड यांचा कुठेही थेट स्पर्श होता कामा नये. माझ्या विद्यार्थ्यांना मी लाकडासाठी ७० अंशांची मर्यादा घालून देतो आणि ती मोजून पाहायला लावतो.

आता वीज. साध्या तापतारेतून निघणारी उष्णता व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आपल्या १५ वॅटच्या पट्टीचा रोध सुमारे ३,५०० ओहम आहे. संध्याकाळी गावात दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला की तीच पट्टी जेमतेम ९ वॅट देईल आणि कापूर नुसता पडून राहील. मध्यरात्री दाब २५० व्होल्टपर्यंत चढला की ती पावणेअठरा वॅट देईल. म्हणजे घरातली सगळी माणसे झोपलेली असतात तेव्हाच ती सर्वांत जास्त तापते. दिवसा हात लावून सगळे ठीक आहे असे ठरवणे त्यामुळेच फसवे असते.

चांगल्या प्रतीचा एसएमपीएस अॅडॉप्टर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने बाहेरचा दाब स्थिर ठेवणारा, या चढउतारातून आपल्याला सोडवतो. त्याच्यावर १००–२४० व्होल्ट असे छापलेले असते आणि आत येणारा दाब त्या टप्प्यात कितीही हलला तरी बाहेर तो १२ व्होल्टच देतो. १२ ओहमची तापतार लावली तर प्रवाह १ अँपिअर आणि उष्णता १२ वॅट. यासाठी २ अँपिअरचा अॅडॉप्टर घ्यावा, म्हणजे तो निम्म्या भारावर चालेल आणि स्वतः फारसा तापणार नाही. दुसरा लाभ सुरक्षिततेचा आहे: कापराची काजळी पुसताना ओला हात आत गेला तर २३० व्होल्ट जीव घेऊ शकतात, १२ व्होल्ट घेत नाहीत. देवघरातल्या वस्तूला पाण्याचा हात लागणारच, असे धरून चालावे.

अडगळीतला जुना, लोखंडी गाभ्याचा जड अॅडॉप्टर मात्र वापरू नका. त्यातल्या पुष्कळांवर १२ व्होल्ट लिहिलेले असले तरी हलक्या भारावर ते १५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त देतात, आणि मग आपल्या १२ वॅटच्या जागी जवळजवळ १९ वॅट निघतात.

याहूनही चांगला मार्ग म्हणजे पीटीसी तापपट्टी. डास पळवणाऱ्या द्रवाच्या यंत्रात वातीभोवती जी छोटी चकती असते, ती याच जातीची. ठरावीक तापमान आले की तिचा रोध एकदम वाढतो, प्रवाह आपोआप घटतो आणि ती त्या तापमानाच्या आसपासच स्थिर राहते. साधी तापतार, म्हणजे नायक्रोम या मिश्रधातूची तार, असे काही करत नाही. उष्णता बाहेर जायला वाव नसेल तर ती तापतच राहते. अॅल्युमिनियमच्या चपट्या कवचातल्या १२ व्होल्टच्या पीटीसी पट्ट्या वेगवेगळ्या तापमानांच्या मिळतात. मी आपल्या जागी असतो तर ११० अंशांची घेतली असती. डासांच्या यंत्रातली चकती काढून बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती थेट २३० व्होल्टवर चालते.

रानवाट

मी लाकडाच्या बाजूने लिहितो. नोकरीची बरीच वर्षे लाकूड आगारात गेली, त्यांतली काही गडचिरोलीच्या सागवानी जंगलातल्या आलापल्लीला. त्यामुळे सागवानाबद्दल माझ्या मनात पक्षपात आहे. तरीही या कामासाठी मी सागवान पहिल्या क्रमांकावर ठेवणार नाही.

आपली चीर का पडली ते आधी पाहू. लाकूड उष्णतेने फुगून फाटत नाही, वाळून आक्रसल्याने फाटते. कोकणातल्या पावसाळी हवेत मुरलेल्या लाकडातही १५ टक्क्यांच्या वर ओलावा असतो. तापपट्टीच्या शेजारी तो ४–५ टक्क्यांवर येतो. वाढीच्या वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन हे केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या रेषेतल्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे गोल खाच गोल राहत नाही, लंबगोल होते. ४० मिलिमीटरच्या खाचेचा हिशेब केला तर सागवानात एवढ्या वाळण्याने एका दिशेत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. उलट ४० मिलिमीटरची पितळी वाटी १०० अंशांनी तापली तर ती जेमतेम पाऊण दशांश मिलिमीटर प्रसरण पावते. म्हणजे धातूच्या फुगण्यापेक्षा लाकडाचे आक्रसणे कितीतरी अधिक आहे. खाच आवळत जाते, आतली वस्तू जागा देत नाही, आणि मग लाकडाला फाटण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आपण खाच जितकी घट्ट केलीत, तितकी चीर लवकर आली.

त्यामुळे भोवती किमान २ मिलिमीटरची मोकळी फट ठेवावी, आणि झाडाची मधली नस ज्यात आहे असा ओंडका कधीही घेऊ नये, कारण त्यातून कातलेला नग आज ना उद्या नसेपासून चिरतोच.

आता जातींबद्दल. माझी पहिली पसंती शिवणीला आहे. वजनाला हलकी, फिकट पिवळसर, कातायला मऊ, आणि एकदा नीट वाळली की आकार न सोडणारी. हलक्या लाकडात हवेच्या पोकळ्या अधिक असतात, म्हणून ते उष्णता कमी वाहते. जड लाकूड तुलनेने जास्त वाहते. त्यामुळे आतून सारखीच तापलेली शिवणीची कापूरदाणी बाहेरून हाताला शिसवीच्या कापूरदाणीपेक्षा कमी ऊन लागेल. हाच न्याय लावला तर पांगारा सर्वांत उत्तम ठरायला हवा, आणि सावंतवाडीच्या जुन्या खेळण्यांना तो चालतही असे. पण त्याला स्क्रू धरत नाही आणि कीड लवकर लागते, म्हणून मी तो सुचवणार नाही.

फणसाचे लाकूड माझे आवडते आहे. ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडाने वर्षभरात तपकिरी सोनेरी होते. ते टिकाऊ आहे, कोकणात सहज मिळते, आणि देवघरातल्या वस्तूला शोभते. त्याचा पिवळा रंग पाण्यात उतरतो. बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगवायला पूर्वी त्याच्याच ढलप्या उकळत असत. म्हणून फणसाची कापूरदाणी ओल्या फडक्याने पुसली तर फडके पिवळे होईल, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावे.

सागवानातले तेल हा त्याचा गुणही आहे आणि इथे दोषही. त्याच तेलामुळे ते वाळवीला दाद देत नाही, पण तापल्यावर ते स्वतःचा वास सोडते, आणि कापराच्या वासात तो वास मिसळतो. आंब्याचे लाकूड स्वस्त आहे. मात्र त्याला भुंगा फार लागतो आणि म्हणून आगारात कधी कधी त्याला कीडनाशक मारलेले असते. तापणाऱ्या वस्तूला असे लाकूड नको. हीच गोष्ट मालाच्या खोक्यांच्या लाकडाची. त्यावरच्या शिक्क्यात एमबी ही इंग्रजी अक्षरे असतील तर त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि एचटी असेल तर ते नुसते तापवून निर्जंतुक केलेले असते. पहिले लाकूड हातात घेऊ नये.

शिसवीबद्दल फार लिहीत नाही. दिसायला तिच्यासारखे दुसरे नाही, पण तिचा भुसा अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधतो.

पल्याडची

मी न्यू जर्सीत राहते. ओहमदादांनी लिहिलेले व्होल्टतेच्या वर्गाचे गणित मी घरात प्रत्यक्ष भोगले आहे, म्हणून लिहिते. सासूबाईंनी पुण्याहून हौसेने विजेची कापूरदाणी आणली होती. पिनेला जोडणी लावून ती इथल्या भिंतीत खोचली आणि तासाभराने पाहिले, तर कापराची वडी जशीच्या तशी. बिघडली असे समजून आम्ही ती माळ्यावर टाकली. आज हिशेब केला तेव्हा कळले की इथे १२० व्होल्टवर तिच्या १५ वॅटपैकी जेमतेम ४ वॅटच निघत होते. ती बिचारी पूर्ण धड होती.

उलट दिशेने होणारी चूक अधिक भयंकर असेल, असे वाटते. इथली १२० व्होल्टची तापपट्टी कुणी भारतात नेऊन लावली तर काय होईल?

दुसरे असे, की कातारीदादा, तुमची कापूरदाणी तयार झाली तर मला एक हवी आहे. ती शिसवीची असावी अशी इच्छा होती, पण वरचे वाचून मी फणसावर आले आहे.

ओहमचा_नियम

@पल्याडची, १५ वॅटची ती पट्टी भारतात ५५ वॅट देईल. लाकडाच्या पेल्यात ५५ वॅट म्हणजे अपघातच. परदेशात पाठवायची वस्तू अॅडॉप्टरवर चालणारी असावी, याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे: कापूरदाणी तीच राहते, देश बदलला की फक्त भिंतीत जाणारी पिन बदलते.

रानवाट

शिसवीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, की ती आणि तिच्या डालबर्जिया या वंशातली बहुतेक झाडे जानेवारी २०१७ पासून साइटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वस्तूतल्या अशा लाकडाचे वजन १० किलोपर्यंत असेल तर परवान्यातून सूट मिळते. तरी कोणत्या जातीचे लाकूड आहे हे पावतीवर लिहिलेले असावे. फणसाला यातले काहीच लागत नाही.

कुडाळचा_कातारी

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा कामाच्या टेबलावर त्या फुटक्या नगासकट. रानवाट यांनी सांगितलेली मधली नस त्यात स्पष्ट दिसते. तुळईच्या टोकाकडचा तुकडा होता आणि चीर नेमकी तिथूनच निघाली आहे.

आता पॉलिशबद्दल माझा स्वतःचा एक फसलेला प्रयत्न सांगतो. आमच्याकडचे लाखकाम सर्वांना ठाऊक आहे. नग लेथवर फिरत असताना लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. कर्नाटकात चन्नपट्टणला यावर केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणतात. मी गेल्या आठवड्यात शिवणीचा एक पेला कातला, त्यावर लाल-पिवळ्या लाखेचे पट्टे दिले आणि आत १२ व्होल्टची पट्टी तात्पुरती ठेवून तीन तास चालवला. दिसायला इतका सुंदर झाला होता की मुलीने त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. तीन तासांनी उचलला तेव्हा काठाजवळच्या लाल पट्ट्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले.

जी वस्तू आपण नुसत्या घर्षणाच्या उष्णतेने लावतो, ती उष्णतेने मऊ होणारच. हे मला न सुचावे याचे मला वाईट वाटले. लाख साधारण ६५ ते ७५ अंशांना मऊ पडू लागते. आता लाख फक्त बैठकीच्या खालच्या भागावर द्यावी की मुळीच देऊ नये, हे कळत नाही. आमच्या भागाची ती ओळख आहे, म्हणून सोडवत नाही.

कर्पूरगंध

मी रसायनशास्त्र शिकवते, आणि पॉलिशच्या प्रश्नात लाखेइतकाच कापूरही गुंतलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कापूर सुमारे १७५ अंशांना वितळतो आणि २०४ अंशांना उकळतो, पण त्याची वाफ व्हायला तो वितळावा लागत नाही. डबीत ठेवलेली वडी आपोआप झिजते ती याचमुळे. ८० ते ११० अंशांच्या तळावर ठेवला तर तो खोलीभर दरवळतो. त्याहून जास्त तापवण्याने सुगंध वाढत नाही, फक्त कापूर लवकर संपतो आणि पहिल्या दहा मिनिटांत डोळे चुरचुरतात. म्हणून ११० अंशांची पीटीसी पट्टी ही सूचना मला रसायनाच्या बाजूनेही योग्य वाटते.

ही वाफ थंड भागावर पोचली की पुन्हा घन होते. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरे स्फटिक साचतात ते कापराचेच. झाकणाला पुरेशी मोठी भोके नसतील तर ती बुजतात, वाफ आतच कोंडते, आणि इथे एक गंभीर गोष्ट येते. कापराचा ज्वलनबिंदू ६५ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे त्याहून वरच्या तापमानाला त्याची वाफ हवेत मिसळून ठिणगीने पेटू शकते. उघड्या वाटीत ती साचत नाही म्हणून भय नसते. बंद लाकडी पोकळीत मात्र ती साचू शकते. त्यामुळे उघडझाप करणारा बटनाचा संपर्क किंवा टकटक आवाज करणारा द्विधातू थर्मोस्टॅट, दोन्ही वाफेच्या पोकळीबाहेर असलेच पाहिजेत.

आता पॉलिश. फर्निचरवर फवारतात ते एनसी लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज. आणि नायट्रोसेल्युलोजला मऊ, लवचीक करणारा सर्वांत जुना पदार्थ म्हणजे कापूरच! १८७०च्या सुमारास अमेरिकेत हायट बंधूंनी या दोघांच्या मिश्रणातून सेल्युलॉइड बनवले, ज्यापासून पुढे फण्या, बाहुल्या आणि चित्रपटाची फीत झाली. म्हणजे कापूरदाणीला एनसी लॅकर देणे हे तिला तिच्याच वाफेने चिकट करण्यासारखे आहे. मेणही उपयोगाचे नाही. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. आतल्या बाजूला कोणतेही पॉलिश देऊ नये, कोरे लाकूड राहू द्यावे. बाहेरून अळशीच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि ते पूर्ण सुकायला दोन-तीन आठवडे द्यावेत. ज्या चिंध्यांनी तेल लावाल त्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा दोरीवर पसरून वाळवाव्यात.

मुलांविषयी एक कळकळीची विनंती. कापराची वडी लहान मुलाला खडीसाखरेसारखी दिसते. ती पोटात गेली तर थोड्या प्रमाणातही लहान मुलांना झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८०च्या दशकात मलमांतल्या कापराचे प्रमाण ११ टक्क्यांवर मर्यादित केले ते याच काळजीपोटी. झाकण असे करावे की ते फिरवून काढावे लागेल. आणि ज्या खोलीत तान्हे मूल किंवा दमेकरी झोपतो, तिथे ती रात्रभर चालवू नये.

लाख सोडू नका. बैठकीवर द्या, जिथे हात लावला तर कोमटही लागत नाही.

सह्यभटक्या

आमच्याकडे वीज वारंवार जाते. हीच कापूरदाणी पॉवर बँकेवर किंवा लिथियमच्या सुट्या सेलवर चालेल का?

ओहमचा_नियम

पॉवर बँक साधारण ५ व्होल्ट देते. १२ ओहमच्या तारेवर ५ व्होल्ट म्हणजे २ वॅट. काहीच होणार नाही. यूएसबी पीडी पद्धतीच्या पॉवर बँकेतून ९, १५ आणि २० व्होल्ट मागून घेता येतात, काहींतून १२ही मिळतात, पण त्यासाठी किती व्होल्ट हवेत ती मागणी नोंदवणारे छोटे सर्किट मध्ये लावावे लागते. चुकीच्या जोडणीने १२च्या जागी २० व्होल्ट आले तर साधी तार ३३ वॅट देऊ लागेल.

१८६५० नावाने मिळणाऱ्या सुट्या लिथियम सेलच्या वाटेला लाकडी वस्तूत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट असतो आणि रिकामा होताना ३च्या खाली जातो, म्हणजे उष्णता सतत घसरत राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सेल आणि तापपट्टी एकाच लाकडी पोकळीत ठेवणे हे मूळ दोषापेक्षाही मोठ्या दोषाला आमंत्रण आहे. सेलला उष्णता सोसत नाही. तासभर वीज नसेल तर तासभर कापूर नसावा, इतके साधे ठेवावे.

कातारीसाहेब, जोडणीबाबत दोन गोष्टी राहिल्या होत्या. तापपट्टीची टोके डाख देऊन जोडू नका. साधा ६०/४० डाख १८३ अंशांना मऊ होऊ लागतो, आणि काही बिघडून पट्टी जास्त तापली तर नेमक्या त्याच वेळी जोड सुटून उघडी तार लाकडावर पडते. दाबून बसवायचे लग, म्हणजे तारेच्या टोकाला आवळायची धातूची टोपणे, वापरा. पट्टीजवळची तार सिलिकॉन आवरणाची हवी, कारण नेहमीच्या पीव्हीसी तारेचे आवरण ७० अंशांपुरतेच असते. आणि पट्टीच्या बुडाला लागून एक थर्मल फ्यूज, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज कायमची तोडणारा फ्यूज, मालिकेत घाला. पीटीसी असली तरी घाला.

अॅडॉप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. वजनाने अगदी हलका आणि छपाई पुसट असा स्वस्त अॅडॉप्टर आतून काय असतो, ते मी उघडून पाहिले आहे. २३० व्होल्टची आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यात काही मिलिमीटरचेही अंतर नव्हते. मग १२ व्होल्टच्या सुरक्षिततेला काही अर्थच उरत नाही.

कुडाळचा_कातारी

नवा नग आजपर्यंत अकरा दिवस चालला आहे, म्हणून आकडे देतो.

लाकूड फणसाचे, दोन वर्षे माळ्यावर मुरलेले, मधली नस टाळून घेतलेले. बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर. खाच ५२ मिलिमीटरची आणि तीत ४४ मिलिमीटरची पितळी वाटी, म्हणजे भोवती ४ मिलिमीटर मोकळी हवा. वाटी लाकडावर टेकत नाही. चिनी मातीच्या तीन छोट्या खुंट्यांवर उभी आहे. पट्टीच्या खाली अभ्रकाचा एक पत्रा आणि त्याच्याखाली पुन्हा हवा. बुडाला सहा भोके आहेत, म्हणजे थंड हवा खालून शिरते आणि वाटीभोवतीच्या फटीतून वर निघते. हे भोकांचे काम मी आधी केले नव्हते. ते केल्यावर लाकडाचे तापमान लगेच उतरले.

सहा तास सलग चालवल्यावर, खोलीत २९ अंश असताना, वाटीचा तळ १०४ अंश, खाचेच्या आतली लाकडाची भिंत ५१ अंश आणि बाहेरची बाजू ३६ अंश भरली. मुलाने यासाठी तारेचा तापमापक आणून दिला. अकरा दिवसांनी वाटी काढून पाहिली, तर खाचेचा रंग जसा होता तसाच आहे. खाच एका दिशेने ०.४ मिलिमीटरने कमी झाली आहे. जुन्या पद्धतीने घट्ट बसवली असती तर एव्हाना पुन्हा चीर पडली असती.

झाकण फिरवून काढण्याचे केले आहे, आठ भोकांचे. तिसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पांढरे स्फटिक दिसले, ते नखाने खरवडून पुन्हा वाटीत टाकले. बैठकीवर लाखेचा एकच लाल पट्टा आहे आणि त्यावर बोट उमटत नाही.

पहिल्या गिऱ्हाइकाला ही देणार नाही, अजून पावसाळा पाहायचा आहे. जुलैत लाकूड पुन्हा ओलावा घेऊन फुगेल तेव्हा फट किती उरते ते मोजून इथे लिहीन. @पल्याडची, तुमचीही तोवर थांबवतो, राग नसावा.

पल्याडची

राग कसला? अगदी सावकाश करा. फक्त अॅडॉप्टर मी इथे घेऊ की तुम्ही पाठवणार?

ओहमचा_नियम

तिथलाच घ्यावा. १२ व्होल्ट, २ अँपिअर, आणि टोक ५.५ बाय २.१ मिलिमीटरचे, म्हणजे बाहेरचा व्यास ५.५ आणि आतले भोक २.१. ५.५ बाय २.५चे टोक बाहेरून तसेच दिसते आणि आत जातेही, पण सैल बसते, आणि सैल जोड तापतो. कातारीसाहेब, हे सगळे नगाच्या बुडाला कोरून ठेवा. कागदी चिकटपट्टी वर्षभरात निघून जाईल, आणि पाच वर्षांनी अॅडॉप्टर बदलताना घरात हा धागा कुणाला आठवणार नाही.

कुडाळचा_कातारी

कोरतो. तापलेल्या तारेने फणसावर अक्षरे छान उमटतात.